खुंटाला हात लावायचा नाही

कमांड टाइप करून झाली की चीफ दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचे, "वाचा."

वाचायचं मी. मी कॉलेजचा ग्रंथपाल. लिनक्सशी माझा संबंध एवढाच, की ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सर्व्हरची खोली होती आणि दुपारचा चहा तिथे बरा मिळायचा. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं मी बालवाडीतल्या मुलासारखी लावून लावून वाचायचो.

"क्यूईएमयू इमेज... क्रिएट... वजा एफ... क्यूकाउ टू. यात गाय कुठून आली?"

"गायीचं नंतर. पुढे वाचा."

ओळ संपली की ते मान हलवायचे, एक हात पुढे आणायचे आणि एका बोटाने एंटर दाबायचे. खोलीत कॉम्प्युटर शिकलेली माणसं असली तरी हे काम माझ्याचकडे असे. कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याला कळतं ना, तो मनातलं वाचतो. तुम्हाला काय कळत नाय. तुम्ही लिहिलेलं वाचता." ही स्तुती आहे असं मी ठरवून टाकलं.

ते मूळचे केळशीचे. उमेदीची वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून गेली, मग गुडघ्याने साथ सोडली. आमच्याकडे ते प्रयोगशाळा सांभाळायला कंत्राटावर आले आणि मांडवीला भाड्याची खोली घेऊन राहिले. त्यांना सगळे चीफ म्हणत. जहाजावर सुकाणूवाल्याला हुकूम दिला की तो त्याने मोठ्याने परत म्हणायचा असतो, तीच रीत त्यांनी सर्व्हरपुढे आणली होती.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, तर तो नम्र नसणार हे तुम्हाला ठाऊक आहे. चीफ चारचौघांत प्राचार्यांचं इंग्रजी सुधारत. बिस्केच्या उपसागरातल्या वादळाची त्यांची एक गोष्ट होती आणि तिच्यातली लाट दर खेपेला थोडी उंच होई. समजावून सांगायची तर त्यांना भारी हौस. ऐकणारा उठला तर ते त्याच्याबरोबर चालत जात आणि जिन्यावर उरलेलं सांगत.

डिस्क इमेज म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक लटकी यंत्रं चालतात आणि अशा प्रत्येक यंत्राची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात नुसती एक फाइल.

"आता ही बघा. ही सांगते, मी साठ जीबीची. खरी आत्ता चारच आहे. जसं लागेल तशी फुगते."

"अशा फायली आपल्या व्यासपीठावर पुष्कळ बसतात," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच विनोद स्वतःचा म्हणून प्राचार्यांना ऐकवला. प्राचार्य हसले नाहीत. ते व्यासपीठावर बसत.

शेवटच्या वर्षाच्या चाळीस मुलांना प्रत्येकी एक यंत्र हवं होतं. चाळीस वेळा सगळं उभारायचं तर जागाही नाही आणि वेळही नाही. चीफनी एकच मूळ इमेज तयार केली, त्यात लागणारं सगळं घातलं आणि तिच्यावर चाळीस छोट्या इमेजा चढवल्या. मूळ इमेज सगळ्यांची मिळून एक. मुलाने जे नवीन लिहिलं, बदललं, तेवढंच त्याच्या छोट्या इमेजमध्ये उतरायचं.

"सोपं आहे ओ," ते म्हणाले. "रायवळाचा खुंट एक. त्याच्यावर हापूसची चाळीस कलमं. सगळं खुंटातून वर जातं."

रत्नागिरीत हा दाखला द्यायचा म्हणजे टाळी ठरलेलीच. त्यांनी तो मला दिला, मुलांना दिला, शिपायाला दिला, परीक्षा विभागाला दिला. दाखल्याच्या शेवटी बोट उंचावून एक वाक्य येई : "फक्त खुंटाला हात लावायचा नाही." पण तोवर ऐकणाऱ्याला आपल्या बागेची आठवण झालेली असे आणि हे शेवटचं वाक्य कोणी नीट ऐकत नसे.

प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं तेव्हा मुलं त्या यंत्रांवर कित्येक महिने काम करत होती. तरी उद्घाटन करायचंच होतं, कारण सर्व्हर ज्यांनी दिला ते उद्योजक त्या शनिवारी मुंबईहून येणार होते. सोमवारी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकाचा वर्षभराचा प्रकल्प त्याच्या त्याच्या कलमात. कलमांच्या प्रती काढून ठेवायला चीफनी मोठी डिस्क मागितली होती. ती मंजूर व्हायच्या वाटेवर होती. प्रत होती ती फक्त खुंटाची, आणि ती ते माझ्या ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात ठेवत. सुटे भाग इंजिनरूममध्येच ठेवणाऱ्या माणसाला ते माणूस मानत नसत.

गुरुवारी त्यांनी प्राचार्यांना सगळी व्यवस्था दाखवली. खुंटाच्या फाइलवर त्यांनी एक कुलूप घातलेलं असे, मालकालासुद्धा ती बदलता येऊ नये असं. "बघा सर, हे कुलूप. हे असं काढलं..." म्हणून त्यांनी ते काढून दाखवलं. मग प्राचार्यांनी काहीतरी विचारलं, त्यावरून वादळाची गोष्ट निघाली, लाट आली, आणि कुलूप परत घालायचं राहिलं. शुक्रवारी ते केळशीला गेले. मोहोर आला होता, घरच्या कलमांवर फवारणी करायची होती.

शनिवारी सकाळी मी ग्रंथालयात पाहुण्यांचा परिचय लिहीत बसलो होतो. वाचणाऱ्या माणसाला बोलता येतं, असा आमच्या कॉलेजात एक गैरसमज आहे. चीफ सर्व्हरच्या खोलीतून उतरून दारात आले. खांद्याला प्रवासातली पिशवी तशीच होती.

"कपाट उघडा."

"काय झालं?"

"खुंटाला कोणीतरी हात लावलाय."

डिस्क घेऊन आम्ही वर गेलो. सर्व्हरला झेंडूची माळ घातलेली होती, ती नेमकी पंख्याच्या जाळीवर आली होती. चीफनी ती काढून माझ्या हातात दिली. कोपऱ्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. नोकरीचं त्यांचं पहिलंच वर्ष, त्याही कंत्राटावर.

"मॅडम, काल इथे कोण होतं?"

"मीच, सर. प्राचार्यांनी सांगितलं, पाहुण्यांनी बटण दाबून सगळी मशीनं चालू केली की चाळीसही स्क्रीनवर पाहुण्यांचं नाव आलं पाहिजे. मग ते मूळ मशीन चालू करून त्यात नाव घातलं. मी म्हटलं होतं त्यांना, चीफना विचारते. तर म्हणाले, त्यांनीच सांगितलंय, खुंटाला पाणी घातलं की सगळ्या कलमांना पोचतं. फोन लावला मी तुम्हाला. लागला नाही."

चीफनी डोळे मिटले. बागेत ते औषधाच्या धुक्यात पंप चालवत होते तेव्हा फोन घरात होता.

"मुलांची मशीनं चालू केलीत?"

"नाही. फक्त माझं, शिकवण्यासाठीचं एक्केचाळिसावं कलम. माझ्या मशीनवर नाव येतं का बघितलं. आलं. प्राचार्य म्हणाले, जरा मोठं करा. ते केलं. आज सकाळपासून माझं मशीन उघडतच नाही."

"मुलांचं एक पण नाय? आठवून सांगा."

"एकही नाही, सर."

"मग बोट अजून तरंगतेय." ते माझ्याकडे वळले. "झाडाचा दाखलाच चुकला माझा. झाडाला पाणी घातलेलं चालतं. हे झाड नाय ओ. हा नकाशा आहे. नकाशावर पातळ कागद ठेवून मुलांनी त्याच्यावर खुणा केल्यात. खालचा नकाशा सरकवला तर खुणा राहतील, पण त्या सांगतील तिथे खडक नसेल. आणि त्या चुकीच्या नकाशावर मशीन एकदा चालू झालं की ते आणखी खुणा करतं. मग जुना नकाशा परत आणून पण उपयोग नाय."

म्हणजे मला कळलं ते असं : मुलांची यंत्रं चालू व्हायच्या आत जुना खुंट जागेवर बसला, तर सगळं शाबूत. त्याआधी बटण दाबलं गेलं, तर चाळीस प्रकल्प खराब, आणि सोमवारी परीक्षा.

मी प्राचार्यांना गाठायला खाली धावलो. फाटकापाशी ते पुष्पगुच्छ आडवा धरायचा की उभा, हे शिपायाला शिकवत होते. मी सांगितलं, कार्यक्रम थोडा पुढे ढकलूया.

"अशक्य. गाडी साळवी स्टॉपला आली."

"मग बटण तरी नको. मुलांची कामं जातील, सर."

"काही जात नाही. चीफना वादळांची सवय आहे." ते हसून म्हणाले. "आज नाव दिसू दे. काय दुरुस्ती असेल ती उद्या रविवारी करा."

वर आलो तेव्हा चीफनी डिस्क जोडली होती आणि भराभर टाइप करत होते. त्यांना एवढं घाईत मी कधी पाहिलं नव्हतं. ओळ संपली. हात मागे गेले. मी चष्मा सावरला.

"तुम्ही नाही. मॅडम वाचतील."

"पण मला कळतं, सर," मॅडम म्हणाल्या.

"आज कळत नाय असं समजा. एकेक शब्द."

मॅडम पुढे झाल्या. "कॉपी... व्हीएम... त्यातला खुंट... मग... बाहेरची डिस्क..." त्या थांबल्या. परत पहिल्यापासून ओठांतल्या ओठांत वाचलं. "सर, हे इथून तिकडे चाललंय."

चीफ पडद्याकडे बघत राहिले. मलाही समजलं. एंटर दाबलं असतं तर बिघडलेला खुंट त्या एकुलत्या एक चांगल्या प्रतीवर जाऊन बसला असता.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. ओळ खोडून पुन्हा लिहिली. या वेळी सावकाश.

"वाच गो बाय," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्यांना मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. "परत वाच."

त्यांनी वाचलं. बाहेरच्या डिस्कवरून आत. चीफनी मान हलवली. एंटर.

जुनी डिस्क आणि तिची जुनी केबल. पडद्यावरचा आकडा वाढतो की नाही हे कळायला त्याच्याकडे बघायचं सोडून द्यावं लागे. शेजारच्या प्रयोगशाळेत मुलं इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"बटणाची वायर उपटली तर?" मी विचारलं.

"प्राचार्य मुलांना सांगतील, आपापलं चालू करा. चाळीस हात आहेत तिथे. कोणाकोणाचे धरू?" मग ते माझ्याकडे बघायला लागले. "परिचय तुम्हीच करून देणार ना?"

"हो. दोन मिनिटांचा आहे."

"दोन मिनिटांचा नको."

व्यासपीठांबद्दल माझी मतं त्यांना पाठ होती. लांब बोलणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षं जे जे बोललो, ते याच खोलीत, यांच्याच चहावर.

"किती लांबवू?"

"मॅडम दारात येतील तोवर. त्यांनी मान हलवली म्हणजे झालं. आकडा शंभर झाला तरी दोन्ही फायली शब्दन् शब्द सारख्या आहेत का हे तपासावं लागेल, त्याला वेगळा वेळ."

खालच्या सभागृहात दीप लागला, स्वागतगीत झालं. ते नेमकं त्याच दिवशी मुलींनी भराभर म्हटलं. माझं नाव पुकारलं गेलं.

मी पाहुण्यांच्या जन्मापासून सुरुवात केली नाही. ते मूळचे सावर्ड्याचे, म्हणून मी सावर्ड्यापासून केली. महामार्ग नव्हता तेव्हाचं सावर्डं, मग महामार्ग झाल्यावरचं. तिथला बाजार. बाजारात काय काय मिळतं. जांभा दगड, तो चिऱ्यात कसा कापतात, त्या चिऱ्यांची शाळा, त्या शाळेच्या पायऱ्यांवर बसलेला एक मुलगा. हा मुलगा मी जागेवर तयार केला. दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. मुलाला मी पहिलीतून दुसरीत घातलं.

चौथीपर्यंत पोचलो तेव्हा प्राचार्यांनी घड्याळ पुढे धरलं. मी त्यांच्या वेळेच्या काटेकोरपणाचा गौरव केला आणि तिथून शिस्त या गुणाकडे वळलो. घशाला कोरड पडली होती. समोर पहिल्या रांगेतले प्राध्यापक माझ्याकडे त्याच नजरेने बघत होते, ज्या नजरेने मी एरवी त्यांच्याकडे बघत असणार. पाणी पिताना मी पुन्हा दाराकडे पाहिलं. नाही.

पाहुणे मात्र पुढे झुकले होते. मुलगा मुंबईला जायला निघाला आणि आईने त्याच्या पिशवीत फणसाची साठं घातली, तेव्हा त्यांनी रुमाल काढला. प्राचार्य उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आता पुढची पायरी माइक बंद करण्याची, हे ओळखून मी आटोपतं घेतलं. मॅडम आलेल्या नव्हत्या.

मग पाहुणे बोलायला उठले. "माझं बालपण इतकं कोणी ओळखलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी त्या मुलाची गोष्ट जिथे मी सोडली तिथून पुढे नेली. दुसऱ्याच्या भाषणाला मी आयुष्यात एवढा जीव लावला नाही. ते थांबतात असं वाटलं की मी दाराकडे बघे, आणि ते "शेवटी एवढंच सांगतो" म्हणून पुन्हा सुरू झाले की श्वास येई. त्यांनी एवढंच चार वेळा सांगितलं.

चौथ्या वेळी दारात मॅडम दिसल्या. दमल्या होत्या, जिना धावत उतरल्या असाव्यात. आधी त्यांना मी सापडेना. मग सापडलो. त्यांनी मान हलवली.

सगळी मंडळी वर गेली. लाल बटणाला फीत बांधली होती. चीफ सर्व्हरच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे होते, काही न बोलता, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते बघा. फायली जुळल्या होत्या. पण कलमं खरोखर उघडतात का, हे ती उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. मग चाळीस पडद्यांवर अक्षरांच्या ओळी सरकायला लागल्या. पहिला पडदा उजळला, दुसरा, खिडकीकडची रांग. प्रत्येकावर त्या त्या मुलाचं अर्धवट राहिलेलं काम. एक पडदा काळाच राहिला. त्यासमोरची मुलगी रडवेली झाली. चीफ लंगडत तिथवर गेले, वाकले, आणि मॉनिटरचं बटण दाबलं.

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. त्यांचा चष्मा खाली सभागृहात रुमालाबरोबर राहिला होता, त्यामुळे पडद्यावर काय आहे आणि काय नाही हे त्यांना दिसत नव्हतं. नाव नसल्याचा अपमान त्या खोलीत फक्त एका माणसाला झाला.

गाडी गेल्यावर प्राचार्यांनी आम्हां तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"काल नाव होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. कुठे गेलं?"

मॅडमनी तोंड उघडलं. चीफ त्यांच्याआधी बोलले. "मी काढलं."

"कोणाला विचारून?"

"कुलूप माझं. उघडं मी ठेवलं. आत काय राहील ते पण मीच बघणार ना?"

मी मध्ये पडून मुलांच्या प्रकल्पांबद्दल सांगितलं. प्राचार्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की प्रकल्प तर सगळे शाबूत आहेत, मग धोका होता कुठे? शेवटी त्यांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं, "आपल्यासारख्यांची कदर करण्याइतकी आमची संस्था मोठी नाही."

"ते खरं," चीफ म्हणाले. "परीक्षा होईपर्यंत राहतो. मग जातो."

जिन्यात मॅडम रडायला लागल्या. त्यांचं स्वतःचं कलम गेलं होतं, वर्षभराची शिकवण्याची तयारी त्यात होती. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. "सर, मी सांगते ना त्यांना, मीच घातलं म्हणून."

"सांगून काय होणार? माझ्याबरोबर तू पण घरी. माझ्या घरी आंबे तरी आहेत." मग म्हणाले, "तुझ्या डिस्कमधून काय निघतं ते उद्या बघूया. सगळं नाय निघणार. थोडं निघेल." रविवारभर ते दोघं तिथे बसले. थोडं निघालं.

सोमवारी परीक्षा सुरू झाली आणि चीफ ग्रंथालयात येऊन बसले. बाहेरचे परीक्षक आले होते. खोलीत थांबायची चीफना परवानगी नव्हती. त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, ठेवलं, दुसरं घेतलं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी छताकडे बघायचे. मी चहा मागवला, तो तसाच राहिला.

परीक्षा सुटली तसे ते उठले आणि पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेलो. मुलं घोळक्याने उतरत होती, सगळी एकदम बोलत होती.

"दुसरा प्रश्न सिलॅबसमध्ये तरी होता काय रे?"

"तोंडीला त्याने मला विचारलं काय, बाहेर पाऊस कधी पडणार! मी काय हवामान खातं?"

चीफ कठड्याला टेकून त्यांना वाट देत होते. एकेकाचा चेहरा बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी एकाला अडवलं. "मशीन कसं होतं?"

"मशीन?" त्याला प्रश्नच कळला नाही. "मशीन होतं की, सर. पेपर भिकार होता."

"पेपर माझ्या खात्यात येत नाय," चीफ म्हणाले.

तो मुलगा हसून खाली गेला. त्याच्यामागून उरलेली मुलं आली, दुसऱ्या प्रश्नावर भांडत. चीफ त्यांच्यातच मिसळून, कठडा धरून, एकेक पायरी उतरायला लागले. एका वळणापर्यंत त्यांचं टक्कल मुलांच्या डोक्यांमध्ये दिसत होतं.